घोडीचा उपदेश आणि गाढविणीची पाठ

जंगलाच्या कडेला एका कुंभाराची गाढवीण राहत असे. मातीच्या गोण्या वाहून तिची पाठ अधूनमधून सोलवटे. मग जखमेवर गोणी पडली की ती भर वाटेत फतकल मारून बसे. कुंभार शिव्या घाली, काठी उगारी; पण शेवटी गोणी उतरवी, जखमेवर हळद लावी आणि चार दिवस तिला मोकळी सोडी. मुलांनो, कष्टकरी गाढवांची दुखणं सांगायची हीच रीत. दुसरी भाषा त्यांना कोणी ठेवली आहे?

एकदा पाठ अशीच सोलवटली असताना तिला ओढ्यावर जहागीरदाराची घोडी भेटली. घोडीचा मुरगळलेला पाय नुकताच बरा झाला होता. आजारपण कसलं, तर मऊ गवतावर लोळायचं, नोकरांकडून गरम तेलाने पाय चोळून घ्यायचा आणि भिजवलेले हरभरे खायचे! पण ही बया सांगत काय सुटली होती? म्हणे, "मी मन प्रसन्न ठेवलं, म्हणून बरी झाले. तूही कुरकूर सोड. दुखतंय असं मनातसुद्धा आणू नकोस." थोरामोठ्यांचं बोलणं खोटं कसं असेल, असं भोळ्या गाढविणीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोणी पाठीवर पडताच तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ती बसली नाही. हिरव्या कुरणाचे विचार करत मुकाट चालत राहिली. या खेपेला हिची पाठ धड दिसते, असं समजून कुंभाराने आणखी एक गोणी चढवली. होता होता जखमेत पू झाला, अंगात ताप भरला आणि एके दिवशी चढावर ती कोसळली. नेमकी तेव्हाच घोडी तिथून दुडक्या चालीने जात होती. थांबून म्हणाली, "तुझं मनच खंबीर नाही, त्याला कोण काय करणार?"

गाढविणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाईसाहेब," ती म्हणाली, "तुमचा पाय बरा होत होता, तेव्हा तुमच्या पाठीवर कोण बसलं होतं?"

घोडी तोंड फिरवून चालू लागली. गाढवीण मात्र अशी ओरडली, की सारं रान दणाणलं. मागे राहिलेला कुंभार धावत आला. गोण्या उतरवून पाहतो तो काय, जखम पार चिघळलेली! त्याने कपाळालाच हात लावला. मग कितीतरी दिवस ती गोठ्यात पडून होती. हळद लागत होती, हिरवा चारा मिळत होता. मन म्हणाल, तर ते मुळीच प्रसन्न नव्हतं. घोडीची आठवण आली की ती दातओठ खात असे. तरीही जखम भरून आली.

तात्पर्य : प्रसन्न मनाचं औषध पाठ मोकळी असणाऱ्यालाच लागू पडतं, ओझ्याखाली दबलेल्याला ते शिकवायला जाणाऱ्याने आधी त्याचं ओझं उतरवावं, नाहीतर तोंड बंद ठेवावं.