राजाचे कान

"हे चित्र ज्या कार्ट्यानं काढलं, ते उद्या दरबारात उभं करा! नाहीतर पंतोजी, तुमची गाढवावरून धिंड निघेल!"

रणधवल राजा शाळेच्या भिंतीसमोर उभा राहून गरजला. भिंत त्याच्याच स्वागतासाठी आदल्या दिवशी चुन्यानं रंगवली होती. आता तिच्यावर कोळशानं काढलेला राजा उभा होता. मुकुट होता, झुपकेदार मिशा होत्या आणि दोन्ही बाजूंना सुपाएवढे कान होते!

"आणि ऐका," राजा जाता जाता म्हणाला, "भलतंच पोर पुढे केलंत, तर दोनदा धिंड!"

अंताजी पंतोजींनी मान डोलावली. दुसरं काही करणं त्यांना सुचलंच नाही. तशी त्यांची ख्याती मोठी होती. थोरल्या मुलांना त्यांनी नुसत्या डोळ्यांच्या धाकात ठेवलं होतं. म्हणूनच राजानं चिमुकल्यांची नवी शाळा काढली, तेव्हा छाती पुढे काढून ते म्हणाले होते, "एवढीएवढीशी पोरं! त्यांचं काय ते!"

पहिल्याच दिवशी कळलं. एकानं पाटीवरची पेन्सिल खाल्ली. एक जण 'आई' म्हणून पंतोजींच्याच गळ्यात पडून रडला. पंतोजींनी डोळे वटारले, तर सगळा वर्ग टाळ्या पिटत ओरडला, "पुन्हा करा! पुन्हा करा!"

आता या फौजेतून चोर शोधायचा होता. पंतोजींनी आवाज चढवून विचारलं, "कोणी काढलं हे?"

प्रत्येक पोरानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी पेन्सिल खाणारा गोंद्या म्हणाला, "तुम्हीच काढलं! तुमचेच हात काळे आहेत!"

पंतोजींनी हात पाहिले. खरंच काळे होते. राजा यायच्या आत चित्र पुसायला ते धावले होते आणि घाईत राजाच्या मिशा आणखी लांब करून ठेवल्या होत्या!

"वा अंताजी," ते स्वतःशीच पुटपुटले, "अख्ख्या शाळेत पकडला गेलेला चोर एकच, आणि तोही तूच!"

दुसऱ्या दिवशी ते सगळा वर्गच घेऊन दरबारात गेले. पोरं मानकऱ्यांच्या गाद्यांवर लोळू लागली. गोंद्यानं दिवाणजींच्या जोड्यात पाय घातले.

"पंतोजी!" राजा कडाडला. "मी एक पोर मागितलं होतं!"

"महाराज, एकाला धरलं की बाकीचे धोतराला लटकतात. ही सारी वरात त्यामुळे आली."

"चोर कुठाय?"

"आत्ता सापडेल. पण माझी एक विनंती आहे. चित्र चुकलं असेल तर शिक्षा करा. बरोबर असेल तर मात्र माफी हवी."

राजानं आपल्या कानांना हात लावून पाहिला. "बरोबर? हे कान? दिला शब्द!"

पंतोजी पोरांकडे वळले. कालचा चढा आवाज त्यांनी घरीच ठेवला होता. ते हसून म्हणाले, "बाळांनो, ते भिंतीवरचं झक्कास चित्र कोणी काढलं?"

"मी!" "मी काढलं!" "नाही, मी!"

सगळे हात वर! चित्र काढलं त्या दिवशी ताप येऊन घरी झोपलेला मुलगाही वर उड्या मारत होता.

राजा वैतागला. "हे काय? बरं, ज्यानं काढलं त्यानं सांगावं, माझे कान एवढे मोठे का काढले?"

हात झरझर खाली आले. एकच हात वर राहिला. कुंभाराची तानी परकर सावरत पुढे आली.

"मी काढले. तुला लहान कान आहेत ना, म्हणून."

तिनं राजाला 'तू' म्हणताच पंतोजींच्या डोळ्यांपुढे गाढव उभं राहिलं.

"मग मोठे कशाला काढलेस?" राजानं विचारलं.

"आमच्या आळीतली विहीर आटली. आई म्हणते, 'ओरडून ओरडून घसा बसला, पण राजाला ऐकूच येत नाही.' मग मी मोठे कान दिले. आता येईल."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "कान चुकलेच आहेत!" तो म्हणाला. "शिक्षा होणारच!"

पंतोजी दाराकडे सरकू लागले. पण तानीनं त्यांचं धोतर घट्ट धरलं होतं, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. मग ते बोलले.

"महाराज, ही पोर आत्ता काय म्हणाली, ते आपल्याला ऐकू आलं का?"

"म्हणजे काय! आलंच!"

"कुंभारआळीची हाक महालापर्यंत ऐकू आली, म्हणजे कान मोठेच आहेत. चित्र बरोबर ठरलं. माफी झाली!"

"आणि मी म्हणालो, ऐकू नाही आलं, तर?"

"तर आपण काही ऐकलंच नाही. मग गुन्हा कोणी कबूल केला, महाराज? शिक्षा कोणाला?"

राजाच्या मिशा थरथरू लागल्या आणि तो असा हसत सुटला की मुकुट घरंगळून मांडीवर आला. "पंतोजी, पुरतं पकडलंत मला! दिवाणजी, उद्याच कुंभारआळीत नवी विहीर खणायला घ्या! पोरांना लाडू वाटा! आणि माझा हा जरीचा शेला पंतोजींना!"

राजानं स्वतः उठून शेला त्यांच्या खांद्यावर घातला. सारा दरबार वाहवा करू लागला. पंतोजींची छाती पुन्हा चांगली पुढे आली.

तेवढ्यात लाडू खाऊन झालेला गोंद्या मागून आला, त्यानं शेल्याचं जरीचं टोक हातात घेतलं आणि त्याला मनसोक्त नाक पुसलं.