मधल्या सहा ओळी

"पण मधे बसून तो करतो काय, बाबा?"

ओजस अजून धापा टाकत होता. भोरखिंडीचा मठ दोनशे सत्तर पायऱ्या वर आहे आणि तो त्या लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून पळत चढला होता.

नारोबाबांनी अंगणातल्या झऱ्याकडे बोट केलं. "आधी पाणी पी."

कातळाच्या भेगेत वडाचं एक हिरवं पान खोचलेलं होतं. त्याच्या टोकावरून धार पडत होती. ओजसने ओंजळ धरली, घटाघटा प्याला, बाहीला तोंड पुसलं.

"सांगा ना. कशाला हवाय तो मधे?"

'तो' म्हणजे माणूस नव्हे. पाणीकोशातलं एक जुनं मॉड्यूल, म्हणजे गणित करणारा छोटा प्रोग्राम.

खालच्या साठ वाड्यांमधल्या चारशे बारा विहिरी मठाने पाणीकोश नावाच्या विकीवर उतरवल्या होत्या. प्रत्येक विहिरीची एक नोंद, आणि कुणीही लिहावं अशी. दर सोमवारी बायका गाठी मारलेला दोर तळापर्यंत सोडत, किती गाठी भिजल्या ते मोजत आणि फोनवरून नोंदीत लिहीत. नोंदीच्या माथ्यावर एक चौकट उमटे : या वर्षीचं सर्वांत कमी पाणी. चारशे बारा चौकटी, पण त्या उमटवणारा साचा एकच.

साच्याला आकड्यांची तुलना करता येत नाही. तो मॉड्यूलला विचारी. मॉड्यूल आत जाऊन गणित करी आणि उत्तर आणून देई.

"हे गणित करणारी फंक्शनं स्क्रिप्टच्या भाषेत जन्मापासून आहेत, बाबा. लहानातला लहान आकडा काढणारं आहे, मोठ्यातला मोठा काढणारं आहे. आयती! आणि आपण दारात दलाल बसवलाय. त्या दलालाच्या तीनशे ओळी!"

"वाचल्यास?"

"चाळल्या. निम्म्या कशासाठी आहेत तेच कळत नाही."

बाबांनी शेंगांची पुरचुंडी सोडली.

"बरं. तुझं काय?"

ओजस याच प्रश्नासाठी पायऱ्या चढला होता. लॅपटॉप उघडून तो ओट्यावर मांडी घालून बसला.

"साच्यात नुसतं फंक्शनचं नाव लिहायचं आणि आकडे द्यायचे. थेट हाक! माझं मॉड्यूल फक्त दार उघडतं. एक ओळ."

"म्हणजे दलाल गेला आणि तू बसलास?"

"मी नाही बसत, बाबा. मी फक्त दार."

"दाराला नाव असेल."

ओजस किंचित लाजला. "ओजसद्वार."

"वा. पाटी लावू."

त्याने आकडे टाइप केले : 14, 9, 22. खाली उत्तर उमटलं : 9.

बाबांनी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. "आता मोठ्यातला मोठा!"

22.

"त्याला मुळं काढता येतात? एकशे चव्वेचाळीसचं वर्गमूळ काढायला सांग."

12.

"बाराच!" बाबा खूश झाले. "या बाराने मला शाळेत अंगठे धरायला लावले होते. आणि हा बघ, विचारायचा अवकाश!"

"मग किल्ली द्या."

मुख्य साचा कुलपात होता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर चारशे बारा नोंदी हलतात, म्हणून त्याला हात लावायचा अधिकार एकट्या बाबांकडे. किल्ली द्यायला ते का कू करतील असं धरून ओजसने पायऱ्या चढता चढता सात मुद्दे तयार केले होते.

बाबांनी चष्म्याचा दोरा कानामागे सारला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोनदा बोट दाबलं.

"दिली."

"...एवढ्यात?"

"तुला नकोय का?"

"हवी आहे! पण आज संध्याकाळी ग्रामसभा आहे. सगळ्यांत कोरड्या तीन विहिरी निवडायच्यात, उद्या त्यांचा गाळ काढायचाय. यादी याच चौकटींतून निघते. तुम्ही काही तपासणार नाही?"

"तू तपासलंस ना?"

"तपासलं."

"मग?"

ओजसने साच्यातून जुन्या मॉड्यूलला मारलेली हाक काढली. तिथे थेट फंक्शनचं नाव लिहिलं. जतन केलं. मग तो मागे रेलून आभाळाकडे बघत हसला.

बाबा शेंगा फोडत बसले.

पाव तासाने पायऱ्यांवरून आधी आवाज आला, मग माणूस. सगुणामावशी. एका खांद्यावर ओला दोर, कमरेवर रिकामा हंडा.

"बाबा, माझ्या विहिरीला ताप चढलाय का ओ? समदी लाल झालीया!"

तिने फोन पुढे केला. चौकटीत आकड्याच्या जागी तांबडी अक्षरं होती : स्क्रिप्ट त्रुटी.

ओजसने दुसरी नोंद उघडली. तांबडी. तिसरी उघडली. तांबडी. दहावी, विसावी...

"मावशी, तुम्ही काय लिहिलंत आज?"

"सात. सात गाठी भिजल्या, सात लिव्हलं."

त्याने नोंद उघडून पाहिली. १२, ९, ७. मग स्वतःची चाचणी पाहिली. मग पुन्हा तिची नोंद.

"बाबा, सगळ्यांनीच आकडे चुकीचे टाकलेत!"

"चुकीचे म्हणजे?"

"म्हणजे... मराठीत टाकलेत."

बाबा शेंग फोडायचे थांबले.

ओजसने स्वतःचं वाक्य ऐकलं...

"मग काय चिनीत टाकू?" सगुणामावशी म्हणाली.

बाबांना हसू आवरेना. दाणा घशात गेला, ठसका लागला, मावशीने पाठीवर दोन दणके दिले, तरी हसू थांबेना.

ओजसचे कान तापले होते. "तसं नाही, मावशी. आतल्या फंक्शनला आपले आकडे ओळखू येत नाहीत. तुम्ही जर इंग्रजी आकडे लिहिलेत..."

"लिव्हते की. उद्यापासून तू दोर घिऊन विहिरीवर जा, मी हितं बसून इंग्रजी लिव्हते."

बाबा डोळे पुसत उठले. झऱ्यापाशी गेले. मावशीचा हंडा घेऊन धारेखाली ठेवला आणि भेगेतलं वडाचं पान उपसून काढलं.

धार मोडली. पाणी कातळावर पसरलं, शेवाळात शिरलं, दिसेनासं झालं.

तिघं हंड्याकडे बघत उभी राहिली.

हंडा कोरडा.

"झरा आटला?" बाबांनी विचारलं.

"नाही. पाणी तेवढंच आहे."

"कातळ आणि हंडा यांच्यामधे आता कुणी नाही. एकदम थेट. मग भरत का नाही?"

ओजस भेगेपाशी वाकला.

बाबांनी पान त्याच्या हातात दिलं.

त्याने ते भेगेत खोचलं. पाणी सरळ त्याच्या बाहीत शिरलं आणि कोपरातून गळू लागलं.

"आरं येड्या, उताणं धर!" मावशी ओरडली. "हां. आता टोक खाली. आसं!"

धार पडली. हंडा वाजू लागला.

ओजस ओल्या बाहीनेच ओट्यावर बसला आणि जुनं मॉड्यूल उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. न कळलेल्या ओळींपाशी आला. तिथे कुणीतरी एकेक मराठी आकडा धीराने उचलून आतल्या फंक्शनला कळेल असा करून देत होतं, आणि आलेलं उत्तर पुन्हा मराठी करून चौकटीत ठेवत होतं. शून्यापासून नऊपर्यंत. जाताना आणि येताना.

मधलं गणित मात्र खरंच फुकटचं होतं. ते फंक्शन आपण होऊन करत होतं.

त्याने थेट हाक तशीच ठेवली. तिच्या अलीकडे तीन ओळी लिहिल्या, पलीकडे तीन. या वेळी आधी मावशीचेच आकडे टाकून पाहिले. मग जतन केलं.

तांबडं गेलं.

मावशीच्या चौकटीत आकडा उमटला : ७. पाठोपाठ चारशे अकरा विहिरी जाग्या झाल्या. यादीही आली. मावशीने ती बोट ठेवून वाचली आणि हंडा विसरून अंगणात गिरकी घेतली.

"पयली! समद्यांत कोरडी माझीच! गाळ उद्या आमचा!"

"कोरडी असल्याचा केवढा आनंद," ओजस म्हणाला आणि त्यालाही हसू फुटलं.

"चार वर्सं वाट बघितलीया रं! उद्या ये फावडं घिऊन. इंग्रजीत माती काढ, कुणी काय बोलनार न्हाय."

भरलेला हंडा कमरेवर घेऊन ती उतरली. तिचं गुणगुणणं बऱ्याच पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होतं.

ओजसने लॅपटॉप बाबांसमोर सरकवला. "किल्ली परत घ्या."

बाबांनी शेंगांची पुरचुंडी त्याच्यासमोर सरकवली. किल्लीला हात लावला नाही.

ओजसने एक शेंग फोडली.

"बाबा, नाव बदलतो. ओजसद्वार नको. ज्याने ते जुनं लिहिलं त्याचं नाव देतो. पण बदलांच्या इतिहासात नावच नाही. लॉगइन न करता लिहून गेलाय कुणीतरी. तुम्हाला ठाऊक असेल. कोण होता तो?"

बाबा झऱ्यापाशी वाकले होते. ओंजळभर पाणी प्याले, ओला हात डोक्यावरून फिरवला.

"सकाळी तू पोटभर प्यालास. पान कुणी लावलंय, विचारलं होतंस?"