एका झुडपाला एकच घास

खूप वर्षांपूर्वी भुरी नावाची तरुण शेळी दूरच्या कुरणात वैद्यकी शिकून आपल्या डोंगरावर परतली. कळप आजारांनी खंगलेला असेल, असं तिला वाटलं होतं. पण सगळ्या शेळ्या धडधाकट होत्या. अशक्त होतं ते फक्त तिच्या बहिणीचं करडू, टिकली. थंडी तोंडावर आली होती आणि ही तगेल का, या काळजीने बहीण झुरत होती.

भुरीने टिकलीला कपारीत बसवलं आणि आठवडाभर नुसती गुळवेल खाऊ घातली. टिकली आणखीच वाळली. शेवटी टिकलीने गुळवेलीकडे पाठच फिरवली.

"वैद्यबाई, बोरी-बाभळीशी भांडण झालंय का तुमचं?" कळपातल्या म्हाताऱ्या कबरी मावशीने विचारलं.

"पण मावशी, गुळवेल गुणाची ना?"

"गुणाचीच गं. पण आपली रीत एका झुडपाला एकच घास घेऊन पुढे चालायची. त्यात चार चवी पोटात जातात, पाय हलतात, अंगाला ऊन लागतं, मग झोपही गाढ लागते. तू पोरीला औषध दिलंस आणि बाकी सगळं काढून घेतलंस."

भुरीला राग आला, पण टिकलीच्या बरगड्या तिला दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टिकलीला कपारीबाहेर आणलं. कळप टेकडी चढत होता.

"दमलीस की बसू," ती म्हणाली. "आजपासून मीही तुझ्याबरोबर चरायला येणार."