मागं कोण राहिलं?

शहरातून करंजतळ्याला आलात की डाव्या हाताला ही तांबड्या मातीची वाट लागते. इथून घुंगुरबांध दीड कोस. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला मेटाची टेकडी. धावायला इतकी देखणी वाट आसपास दुसरी नाही, असं तुम्ही मंडळी म्हणता, आणि ते खरंच आहे. पण मनगटावरच्या घड्याळाकडे जरा नंतर बघा. मी चाळीस वर्षं या तळ्याची राखण केली आहे, माझं ऐका. बांधाकडून परत येताना समोरचा तुम्हाला विचारील, "मागं कोण राहिलं?" त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नका.

पूर्वी तळं बांधाच्या पलीकडेच होतं. हे समोर पाणी दिसतं ना, तिथं गाव होतं, असं सांगतात. बांधावर दोघं सख्खे भाऊ पहाऱ्याला असत, थोरला घमाजी आणि धाकटा मुकिंदा. काही कमीजास्त झालं तर एकानं घुंगुरकाठी घेऊन गावाकडे धावायचं. घुंगरं वाजली की लोक वाट सोडून खाली मान घालत. आणि धावणाऱ्यानं वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. वर्दी आधी पाटलाच्या कानी. वाटेत सांडली तर गावाला बाधते, असा त्यांचा पक्का समज.

एका भादव्यात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी तांबडं फुटता फुटता बांधाला भोक पडलं. मुकिंदा खाली उतरला आणि त्या भोकाला पाठ लावून बसला. तो थोरल्याला म्हणाला, "दादा, तू परत येईस्तोवर मी उठत नाही."

घमाजी धावत सुटला. वाटेत गुराखी भेटले, पाणवठ्यावर बाया भेटल्या. सगळ्यांनी रीतीप्रमाणे माना खाली घातल्या. हाही रीतीप्रमाणे मुकाट पुढं गेला. चावडीवर पोचला तर पाटील नाही! तो पहाटेच सोयऱ्यांकडे गेलेला. घमाजी तिथं नुसता उभा राहिला. डोळ्यांपुढे भावाची पाठ दिसत होती, पण तोंड उघडायची छाती होईना. हातातली घुंगरं थरथरत होती आणि त्या आवाजानं लोक आणखी लांब सरकत होते. मला विचाराल तर पाण्यापेक्षा त्या उभं राहण्याचीच मला जास्त भीती वाटते.

तेवढ्यात मुकिंदाची बायको साळू पुढं आली. घाटाखालची पोर, सासरी नांदायला येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. या गावची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. दोघं भाऊ एकत्र जातात आणि एकत्र येतात, एवढंच तिला ठाऊक. ती थेट थोरल्या दिरासमोर उभी राहिली.

"भावजी, मागं कोण राहिलं?"

त्या प्रश्नानं घमाजीची जीभ सुटली म्हणे. "मुकिंदा. बांधाला पाठ लावून बसलाय. गाव वर काढ, पोरी."

साळू दारोदार धावली. म्हातारी माणसं, गुरं, पाळण्यातली पोरं, सगळं गाव मेटाच्या टेकडीवर चढलं. घमाजीनं मात्र काठी चावडीत टाकली आणि तो आला तसा उलट धावत गेला. लोक वरून हाका मारत होते, त्यानं वळून पाहिलं नाही. तो निम्म्या वाटेवर असेल नसेल, बांध फुटला. दुपारपर्यंत देवळाचा कळसही पाण्याखाली गेला.

दोघांपैकी कुणीच सापडलं नाही. साळू पुढं पुष्कळ वर्षं जगली. बांधाकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून तेच विचारायची. तिची दया येऊन लोक सांगत, "कुणी नाही, माय." तिला ते पटत नसे, आणि मलाही ते उत्तर देताना बरं वाटत नाही.

आजही या वाटेवर समोरचा तेच विचारतो, आणि परतणारा प्रत्येक जण "कुणी नाही" म्हणून पुढं जातो. तेवढं म्हणा, काही होत नाही. पण तळ्यावर धुकं असलं आणि कुणी उलट, बांधाकडे जीव खाऊन धावताना दिसला, तर त्याला विचारू नका. माझ्या तोंडून सवयीनं एकदा गेलं होतं. तो थांबला नाही. धापा टाकत एवढंच म्हणाला, "धाकटा राहिलाय."

त्याला वाट द्या. तो अजून पोचलेला नाही.