सटवानं काढलेला हुकूम

फार वर्षांमागं, आपल्या काळखैर गावावर सुभेदाराचा अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. कागद वाचता येणारे तेव्हा थोडेच. सरकारचा हुकूम आला की गावचा दवंडीवाला सटवा हलगी वाजवत गल्लोगल्ली फिरायचा आणि ओरडून सांगायचा. त्याचा आवाज तीन शिवारं ओलांडून जायचा, असं म्हणतात. सटवा बोलला म्हणजे सरकार बोललं.

गावात तानू नावाची बाई होती. नवरा सुभाना तिला मारायचा, कडेवरच्या लेकीलाही सोडायचा नाही. एकदा तानू रक्ताळल्या तोंडानं चावडीवर आली. चावडी म्हणजे गावातलं सरकारच. तिथं आबाजी पाटील बसलेले. म्हणाले, "घरचं भांडण घरात मिटवावं, बाई."

दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचा हात मोडला होता. पाटलांनी सटवाला हाक मारली. "हिला घरी पोचव."

वाटेत तानू एवढंच म्हणाली, "दादा, तिथं नगं." सटवानं मान खाली घातली. पाटलांचा शब्द होता. त्यानं मायलेकींना सुभानाच्या हवाली केलं.

तिसऱ्या दिवशी दोघींची प्रेतं विहिरीत तरंगली.

पाटील म्हणाले, "सटवा, दवंडी दे. पाय घसरून पडल्या म्हणावं."

सटवानं हलगी गळ्यात घातली. गाव गोळा झालं. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि ओरडला, "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! जो कुणी बाईवर, लेकरावर हात उगारील, त्याला चावडी धरून नेईल! जी बाई चावडीवर येईल, तिला कुणी माघारी धाडायचं न्हाई हो!"

असा हुकूम कुणी काढलाच नव्हता. पण सकाळी सात बाया लेकरं घेऊन चावडीवर येऊन बसल्या. पाटलांनी सुभेदारांना निरोप धाडला.

सुभेदार आले ते संतापूनच. "हुकूम कुणी काढला?"

"म्या," सटवा म्हणाला.

"मग आता तूच ओरडून सांग, असा हुकूम नाही म्हणून."

"सांगतो, सरकार. पण शब्द तुमचे द्या. बायकालेकरांना मारायला सरकारची मुभा हाय, असं म्हणू?"

समोर सात बाया बघत होत्या. सुभेदारांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पुढं महिनाभर त्यांची वाचा गेली होती, असं म्हणतात. सटवाचा हुकूम मग कुणी मागं घेतलाच नाही.

त्या हुकमानं पहिला सुभाना धरला गेला. पण सरकारचं नाव खोटं घेतलं म्हणून सटवालाही धरलं. दोघांना एकाच दोरीनं बांधून किल्ल्यावर नेलं. बाया रडायला लागल्या, तसा सटवा म्हणाला, "माझ्यापायी रडू नगा. तानूला म्याच नेऊन सोडलं व्हतं." तो परत आला नाही. त्याचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

अजून आपल्या गावात वर्षातून एकदा सटवाचा दिवस पाळतात. त्या दिवशी पोलीस पाटील अनवाणी घरोघर जातात आणि घरच्या बाईला विचारतात, "बाई, बरं हाय का?" पुरुषानं उत्तर द्यायचं नाही. बाई बोलेपर्यंत पोलीस पाटलांनी हलायचं नाही.

गेल्या वर्षी एका दारात ते दिवस मावळेपर्यंत उभे होते.