शेलारांच्या बंदुकीचा नंबर

एका गावात एक भोळा बाळकू होता. लहानपणी त्यानं लोहाराकडं लोखंड कापायच्या करवतीचा खर्र-खर्र आवाज ऐकला, तो त्याच्या कानातच राहिला. मोठेपणी पलटणीच्या कोठारात कामाला लागला, तरी तोंडानं खर्र-खर्र चालूच.

कोठारात नेमबाजांच्या जुन्या बंदुका होत्या, दुर्बीण लावायच्या. पलटणीला आता नकोशा झालेल्या. येत्या शुक्रवारी सगळ्या वितळवायला भट्टीत जायच्या होत्या. एकच वाचणार होती. म्हातारे हवालदार शेलार यांनी ती चौदा वर्षं वागवलेली. त्यांच्या गावच्या स्मारकात ती ठेवायला मिळणार होती. अट एवढीच, कागदावरचा नंबर बंदुकीवर दिसला पाहिजे.

सुभेदार खराडे म्हणाले, "बाळकू, नंबर गंजलेत. दिसेपर्यंत घास."

"बरं साहेब."

बाळकूनं बंदुकांच्या पेट्यांपासून सुरुवात केली. त्यांचे नंबर रंगानं लिहिलेले. घासून घासून कोरं लाकूड काढलं.

"अरे, पेटीचा नंबर घासायचा नसतो. त्यावर रंगाचा हात मारायचा."

"बरं साहेब."

मग बंदुका घेतल्या. लोखंडात ठोकलेल्या नंबरांवर रंगाचे तीन हात मारले.

"बाळकू, तुझं डोकंही भट्टीत टाकू का? रंग खरवड. वरून खडू चोळ, म्हणजे नंबर उठून दिसेल."

"बरं साहेब."

रंग खरवडला. खडू मात्र दुर्बिणींना चोळला, काचांसकट. सुभेदारांनी डोळा लावला, तर सगळीकडं धुकं.

ते हळू आवाजात म्हणाले, "दुर्बिणीचा नंबर अडचणीच्या जागी असतो. दिसत नसेल तर तेवढा भाग सुटा करायचा. उजेडात आणायचा. कळलं?"

"कळलं साहेब."

शुक्रवारी शेलार आले. सुभेदार कागद आणायला गेले. म्हाताऱ्यानं बंदुकीच्या लाकडावरून हात फिरवला.

"हीच ती. नंबर तोंडपाठ आहे बघ. पण डोळ्यांत मोतीबिंदू. इथल्या अंधारात दिसत नाही."

बाळकूला फार वाईट वाटलं.

"बसा आबा. चहा घ्या. उजेडात आणतो."

आतून बराच वेळ खर्र-खर्र ऐकू आलं.

सुभेदार कागद घेऊन परतले, तेव्हा बाळकू शेलारांच्या तळहातावर बोटभर लोखंडाचा तुकडा ठेवत होता.

"घ्या आबा, नंबर. आणि ही बंदूक. आता हलकीही झाली. स्मारकात एका खिळ्यावर राहील."

सुभेदारांनी हातातला कागद मिटला. "बिननंबरी बंदूक कुणाला देता येत नाही रे. ही आता भट्टीत."

शेलार दारातल्या उजेडात गेले. अंगठ्यानं एकेक आकडा चाचपला. ओठ हलले. मग तुकडा मुठीत घट्ट धरून ते चालू लागले.