माळाखालच्या बाईचे केस

एकदा काय झालं, एका उघड्याबोडक्या माळाच्या कडेला दोन बहिणी राहत होत्या. थोरली लगमा, धाकटी तायव्वा. आईबाप नव्हते. थोडी मेंढरं होती, एक कुत्रा होता, आणि दोघींना दोघी होत्या.

एका भादव्यात तायव्वा तापानं पडली. ताप उतरला, पण पोर काही उठेना. हातापायाच्या काड्या झाल्या. शेजारच्या केराआत्याला झाडपाल्याचं कळायचं. ती म्हणाली, "लगमे, काळी मुसळी आण. गवतात भुईला टेकलेलं पिवळं फूल असतं बघ, चांदणीसारखं. त्याचं मूळ दुधात उगाळून दे. पण पोरी, उपटताना खालून ओढ लागली, तर सोडून दे हो."

पूर्वी तो माळ पिवळाजर्द असायचा. पण जो तो यायचा, उपटून न्यायचा. लावायचं कुणाच्या मनातही येत नसे. आता उरली होती तीनच फुलं.

मग लगमा भर दुपारी माळावर गेली. वारा पडलेला. पाखरू नाही. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं, बरं का. तिनं खुरप्यानं माती सैल केली, मूळ धरलं, ओढलं. तर खालूनही कुणीतरी ओढलं. हळूच.

लगमानं काही सोडलं नाही. हिसका दिला. लांब, काळंभोर मूळ हातात आलं, आणि भुईतून आवाज आला, "स्स! माझा केस कोण उपटतं?"

लगमा जी पळत सुटली! वाटेत खाली बघते तर काय, दगडांना सावली होती, बाभळीला होती. तिलाच नव्हती.

पण मूळ उगाळून दिलं, तशी तायव्वानं डोळे उघडले. मग लगमा पुन्हा गेली. या खेपेला खालची ओढ जोराची होती. "परत तूच का गं?" भुई म्हणाली. लगमानं दातओठ खाऊन मूळ काढलं. घरी आली तर दारातला कुत्रा तिच्यावरच गुरगुरला. कुणी परकं आल्यासारखा.

तायव्वा उठून बसली खरी. पण म्हणाली, "अक्का, तुझा आवाज असा मातीतनं आल्यासारखा का येतोय गं? मला भ्या वाटतंय."

मग राहिलं शेवटचं फूल. लगमानं त्याच्या बुडाशी हात ठेवला. माती ऊन ऊन लागली, माणसाच्या टाळूसारखी. तिला कळून चुकलं. हे उपटलं तर तायव्वाही आपल्याला ओळखणार नाही. न उपटावं तर तायव्वा पायांवर उभी राहणार नाही. ती तिथंच बसून रडली. मग भुईला तोंड लावून म्हणाली, "बाई, एकच बहीण आहे मला. काय करू, तूच सांग."

 मग अगदी खालून आवाज आला, "डोकं बोडकं झालं गं माझं. ऊन सोसत नाही. सगळे उपटतात, लावत कुणी नाही."

"मी लावते," लगमा म्हणाली. "पण या मुळातलं निम्मं मला दे."

आणि मूळ आपोआप वर आलं, बरं का. खालून कुणी वर सारावं, तसं.

लगमानं खालचा निम्मा भाग पदरात बांधला. वरच्याचे तुकडे केले, प्रत्येकाला कोंब फुटायचा एकेक डोळा राखून. दगड वेचले, माती भुसभुशीत केली, तुकडे लावले, ओढ्याचं पाणी आणून घातलं. घरी जाऊन पदरातलं मूळ तायव्वाला उगाळून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ओल्या मातीवर पंजे उमटलेले. लांब लांब बोटांचे. वरून नव्हे, आतून! कुणीतरी खालून चाचपून बघितलं होतं. लगमा दोन पावलं मागं सरली. तरी तिनं पाणी घातलं. रोज घातलं.

मग एके दिवशी हिरवी पाती वर आली. पात्यांत एक पिवळं फूल उमललं. त्याच दुपारी लगमाची सावली गवतातून सरपटत आली आणि पायाशी बसली. कुत्र्यानं तिचे हात चाटले. आणि तायव्वा? ती भाकरी घेऊन आपल्या पायांनी माळावर आली. "अक्का, जेवून घे," म्हणाली.

पुढं दोघींनी सगळा माळ लावून काढला. गावही शिकलं. आधी भुईला विचारायचं, मगच एक मूळ काढायचं, आणि काढलं की त्याचे डोळे परत मातीत लावायचे. दोघींची लग्नं झाली, घरं भरली, सगळी सुखानं राहिली.

अजूनही म्हणे भर दुपारी त्या माळावर कान लावला, तर कुणीतरी सावकाश केस विंचरल्यासारखं ऐकू येतं. गवताचाच आवाज असेल. चला, पाय पांघरुणात घ्या बघू. मिटा डोळे.